मनीचा डावा डोळा

2008 च्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली एक भिजलेले पिल्लू ओरडत बसले होते. आमच्या कन्येने ते फ्रॉकमध्ये गुंडाळून वर आणले आणि ‘फक्त आजची रात्र’ म्हणून ठेवून घेतले. पुढे कन्या लग्न होऊन सासरी गेली. मनी मात्र राहिली. 2024 च्या उन्हाळ्यात तिला सोळावे सरत आले होते. माणसाच्या हिशेबात हे वय ऐंशीच्या घरात जाते म्हणतात.

त्याच सुमारास तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली मोठी आणि धुरकट दिसू लागली. भर उन्हातसुद्धा ती बारीक होईना. सौ. म्हणाली, “मोतीबिंदू असेल, तुमच्यासारखा.” माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि औषधाची अर्धी बाटली उरली होती. तेच दोन थेंब घालावेत म्हणून मी मनीला मांडीवर घेतले. तिने असे काही बोचकारले की बाटली थेट मोरीत गेली! पुढे डॉक्टरांनी सांगितले ते ऐकून मी त्या ओरखड्याचे आभारच मानले. त्या थेंबांत स्टिरॉइड होते. बुबुळावर जखम असताना ते घातले, तर जखम चिघळून डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी आधी तीच जखम शोधली. डोळ्यात एक रंग घातला. जखम असती तर तो तिथे हिरवा चमकला असता. तो चमकला नाही. मग त्यांनी मनीचा उजवा डोळा झाकून समोरून कापसाचा बोळा खाली सोडला. मनीची मान हलली नाही. पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधून रक्तदाबही पाहिला, कारण म्हाताऱ्या मांजरांची नजर रक्तदाबाने एकाएकी जाते. तो ठीक निघाला. शेवटी डोळ्यातला दाब मोजला. तो पंचविसाच्या आत असावा, तो निघाला बावन्न. काचबिंदू!

“या डोळ्याची नजर गेलेली आहे, ती परत येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “आता प्रश्न दुखण्याचा आहे. थेंबांनी दाब उतरतो का पाहू. नाही उतरला, तर डोळा काढावा.”

डोळा काढावा! घरी आलो ते सगळे मुके होऊन. आई म्हणाली, “अरे, म्हातारपणी तिला कशाला कापायची? जातील तितके दिवस जातील.” सौ.ला भुलेची भीती वाटत होती. माझ्या मनात खर्च आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल; पण त्याहून खरे सांगायचे तर, एका डोळ्याचे ते तोंड रोज बघणे मला नको होते. शिवाय मनी ओरडत नव्हती, विव्हळत नव्हती. मग तिला दुखते कशावरून? मांजर दुखणे लपवते, ते फक्त निजते जास्त आणि उडी मारते कमी. आम्ही त्यालाच म्हातारपण म्हणत होतो.

थेंब सुरू केले. दिवसातून तीन वेळा, खाटेखालून ओढून काढून. तीन आठवड्यांनी दाब अडतीस. आणि जी मनी सोळा वर्षे माझ्या चपलांचा आवाज ऐकून दाराशी येई, ती तोच आवाज ऐकून कपाटामागे शिरू लागली.

त्या रात्री जेवताना आई एकदम म्हणाली, “माझ्या आईला काचबिंदू होता. डोक्याला फडके करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून बसायची. डोकं दुखतंय म्हणून सुंठ उगाळून लावायचो आम्ही. डोळ्याचं दुखणं आहे हे कुणाला कळलंच नाही.” मनीही हल्ली भिंतीकडेच तोंड करून निजत होती. आईने ताट बाजूला सारले. “काढून टाका तो डोळा,” ती म्हणाली.

रक्त तपासले. मूत्रपिंडे थोडी थकली होती. या वयात बहुतेक मांजरांची थकतातच. म्हणून आदल्या दिवशीपासून सलाइन लावून मग भूल दिली. ती शुद्धीवर येईपर्यंत सौ. आणि मी दवाखान्याच्या बाकावर एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. काढलेला डोळा तपासणीला पाठवला होता. जुनी सूज निघाली, गाठ नव्हती.

बारा दिवस गळ्यात ते प्लॅस्टिकचे नरसाळे. मनी दाराच्या चौकटींना धडकायची आणि आमच्याकडे असे पाहायची की आम्हीच गुन्हेगार! नरसाळे काढले त्या दिवशी तिने तासभर स्वतःला चाटले. किती महिन्यांत तिने पाठ चाटली नव्हती, हे आम्हाला तेव्हा उमगले. चौथ्या दिवशी ती ओट्यावर चढली आणि साय खाल्ली.

डाव्या बाजूने कोणी अचानक हात लावला तर ती दचकते, म्हणून आम्ही उजवीकडूनच जातो. आईने तिची बशीसुद्धा उजवीकडच्या कोपऱ्यात हलवली. मी चपला काढल्या की मनी पुन्हा दाराशी येते. मात्र माझे हात रिकामे आहेत ना, हे आधी नीट हुंगून बघते.