डीपीचा षड्ज

चिखली असो, मेहकर असो की शेगाव, बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की एक नियम कुणाला वेगळा सांगावा लागत नाही. वीणा खाली ठेवायची नाही. पहारा बदलतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, पहाटे मंडपात चारच माणसं उरली तरी तार छेडली जातच असते. काकडा, हरिपाठ, कीर्तन हे सगळं त्या नादावर येतं आणि जातं.

कानठळ्या बसवणाऱ्या गिटारींच्या रॉक संगीताकडे जायची वाट मला याच मंडपातून दिसते.

ला मॉन्टे यंग हा १९३५ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका खेड्यात जन्मलेला संगीतकार. लाकडी घराच्या फटींतून घोंघावणारा वारा आणि पेट्रोल पंपाशेजारच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर हे त्याच्या बालपणीचे आवाज. पुढे त्याच्या कानावर अली अकबर खाँ यांची १९५५ची ध्वनिमुद्रिका पडली आणि सरोदइतकाच त्यामागचा तंबोरा त्याच्या मनात बसला. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने ‘थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक’ हा गट जमवला. एक-दोन स्वर धरायचे आणि तासन् तास सोडायचे नाहीत, हा त्यांचा रियाज. व्हायोला वाजवणाऱ्या जॉन केलने वाद्याची घोडी घासून सपाट केली आणि तीवर गिटारच्या तारा चढवल्या, म्हणजे एका गजात अनेक तारा बोलतील. षड्ज कोणता धरायचा? फ्रिजच्या घरघरीचा. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आणि शहरात त्याहून स्थिर स्वर त्यांना दुसरा सापडला नाही.

आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची आहे आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीने, १०० आवर्तनांनी घुमतो. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याच्या कानावर डीपीचा जो आवाज येत राहतो, तो खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वरचा.

केल १९६५च्या सुमारास लू रीडबरोबर ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या रॉक गटात गेला. त्याचा व्हायोला १९६७च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये गिटारींच्या खालून अखंड घासत राहतो. रॉकमध्ये आस, म्हणजे मागे अखंड धरलेला स्वर, शिरली ती इथे. १९७० साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला आले. ते लाहोरचे, किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य. डेहराडूनजवळच्या टपकेश्वराच्या गुहेत गात राहिलेले गायक. यंग, त्याची पत्नी मॅरियन झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं. ट्रम्पेटवादक जॉन हॅसेल हाही त्यांच्याकडेच शिकला, आणि १९८०मध्ये त्याने ब्रायन ईनोबरोबर अल्बम केला. ज्याला आज सगळं जग ॲम्बियंट म्हणतं, त्या संगीताला ते नाव मिळवून देणारा हाच ईनो. उलट दिशेला, यंगच्याच सहवासात वाढलेल्या ऱ्हीस चॅटमने १९७७मध्ये ‘गिटार ट्रिओ’ रचला: एकच स्वरसंगती आणि प्रचंड आवाज. त्यानंतर अमेरिकेत ‘अर्थ’ आणि ‘सन ओ’ या गटांनी गती इतकी उतरवली की एकेक आघात विरायला खूप वेळ घेतो. शांत आस आणि गर्जणारी गिटार या दोन्ही फांद्या अशा एकाच घरातून फुटल्या.

आता महाराष्ट्राकडे येऊ. अब्दुल वहीद खाँच्या नात्यातले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७मध्ये त्यांचं निधन झालं आणि मिरजेतच मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन केलं. त्यांचं तंबोरा लावणं गाण्याइतकंच नावाजलेलं होतं. तंबोरे बनवणारी शिकलगार घराणीही मिरजेचीच. एके काळी शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर वाद्यांकडे वळले, आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचं सगळं कसब जवारीत. घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला सतत चाटत राहील. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा गाठायची. ती साधली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार उमटतो. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात.

असाच न छेडलेला गंधार गिटारमध्येही उमटतो. गिटारचा ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ढकलला की आवाज फाटतो. त्या फाटण्यात काय घडतं हे पाहण्यासारखं आहे. समजा षड्ज २०० आवर्तनांचा आणि पंचम ३०० आवर्तनांचा, असे दोनच स्वर एकत्र वाजवले. फाटलेल्या आवाजात त्यांची वजाबाकी आणि बेरीजही ऐकू येते. वजाबाकी १००, म्हणजे खालचा खर्ज. बेरीज ५००, म्हणजे तार सप्तकातला गंधार, कुणीही न वाजवलेला. गिटारच्या पडद्यावरचा गंधार मात्र शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो. तो मुद्दाम वाजवला की सगळा चिखल होतो. म्हणून मोठ्या आवाजाचे गिटारवादक षड्ज-पंचमावरच राहतात, आणि तंबोऱ्याच्या तारा बहुधा त्याच दोन स्वरांत लागतात. रॉकवाल्यांनी आपलं चोरलं, असली भाषा मला पटत नाही. नाद दोन्हीकडे एकाच नियमाने वागतो आणि ज्याचे कान जागे आहेत त्याला तो सापडतो, एवढंच इथे दिसतं. फरक आहे तो जोराचा. तंबोरा गायकाच्या पाठीशी उभा राहतो, तर ही गिटार ऐकणाऱ्याच्या छातीच्या पिंजऱ्यावर येऊन आदळते.

आपल्या देशात असं गिटारसंगीत ऐकायचं तर ‘ॲजवीकीपसर्चिंग’ हा गट आहे. २०१३पासून तो हे काम करतो आहे. ‘ख्वाब’ (२०१५) आणि ‘झिया’ (२०१७) या अल्बममध्ये संथ, पसरट सुरावटींतून गिटारींचा लोंढा उसळतो. ‘रूह’मध्ये (२०१९) तो लोंढा ओसरून नुसता नाद उरतो. नवख्या कानाने ‘झिया’पासून सुरुवात करावी, मग ‘रूह’कडे वळावं आणि त्यानंतर अब्दुल करीम खाँची एखादी तीन मिनिटांची जुनी तबकडी लावावी. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचे स्वर त्यातून येतच नाहीत. साधा हेडफोन चालेल. गाण्याकडे नंतर बघू. आधी मागे काय धरून ठेवलंय तिकडे कान द्यायचा.