इको झालाय, मग पुन्हा नळी कशाला?

हृदयाची झडप छाती न उघडता, नळीवाटे दुरुस्त करायची ठरली की डॉक्टर काही रुग्णांना आधी ‘राइट हार्ट कॅथ’ करायला सांगतात, म्हणजे शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नळी नेऊन दाब थेट मोजायला. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: इकोच्या रिपोर्टात दाब लिहिलाय की, मग पुन्हा खर्च कशाला?

लिहिलेला असतो, पण थेट मोजलेला नसतो. इको रक्ताचा वेग बघतो आणि त्यावरून फुप्फुसाच्या धमनीतल्या दाबाचा हिशेब मांडतो. मला विचाराल तर त्या आकड्यापुढे ‘अंदाजे’ असं ठळक छापायला हवं. एरवी हिशेब बराचसा जुळतो. पण उजवीकडची ट्रायकस्पिड झडप फारच गळत असेल, तर दाब आहे त्याहून कमी दिसू शकतो. आणि काहींना गळती कमी करणारी क्लिप लावायची असते ती नेमकी याच झडपेला!

शिवाय दाब का वाढलाय, हेही कळायला हवं. नळीच्या टोकाचा फुगा फुप्फुसातल्या धमनीच्या फांदीत टेकवला की हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातल्या दाबाचा पत्ता लागतो. तो १५ मिलिमीटरच्या वर असेल तर मूळ बहुधा डाव्या बाजूला. तिथली झडप सुधारली की फुप्फुसातला दाबही पुष्कळदा उतरतो. फुप्फुसात सरासरी २० च्या वर आणि डावीकडे सगळं ठीक, असं असेल तर बहुधा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांतच बिघाड असतो. काहींत दोन्ही असतं. त्यामुळे ‘दाब जास्त आला, म्हणजे प्रोसिजर रद्द’ असं घरी ठरवून टाकू नये.

‘पण बीपी तर नॉर्मल आहे!’ दंडावरच्या पट्ट्याला फुप्फुसाकडचं काही कळत नाही.

राहिली भीती. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हातातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. (१९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, तेही विभागून.) आज मान, जांघ किंवा हाताची जागा बधिर करतात, पूर्ण भूल सहसा लागत नाही. शिरेच्या आत नळी सरकताना दुखत नाही, क्वचित ठोका चुकल्यासारखं वाटतं. रक्तस्राव किंवा ठोके बिघडण्याचा धोका थोडा असतोच.

ही तपासणी सगळ्यांना लागते असंही नाही. इकोचं चित्र स्पष्ट असेल तर अनेकदा टाळता येते. करायची ठरलीच, तर लघवीच्या गोळ्या कोणत्या, किती आणि शेवटची कधी घेतली ते आधी सांगा. अंगातलं पाणी जास्त उतरलेलं असेल तर कॅथलॅबमधला आकडाही फसवा, कमी येतो.