हायस्कूलच्या नोकरीचा दर लाखांत नसतो

रत्नागिरीत बी.एड. झालेल्या मुलामुलींच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "संस्थेला पैसे दिल्याशिवाय काम होत नाही." या समजापायी लोक जमिनी गहाण टाकतात, म्हणून भरतीची रीत नीट समजून घ्यायला हवी.

जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक आठवीपर्यंतच असतात. नववी-दहावी मुख्यतः खाजगी अनुदानित हायस्कुलांत चालते. शहरातलं पटवर्धन हायस्कूल भारत शिक्षण मंडळाचं, शिर्के प्रशाला रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीची. इथे नेमणूक संस्था करते आणि पगार शासन देतं. एमपीएससीचा या भरतीशी संबंध नाही.

मग संस्था हवा त्याला घेते का? 2017 पूर्वी निवड बऱ्याच अंशी तिच्याच हाती होती. आता अल्पसंख्याक संस्था वगळता अनुदानित शाळांची रिक्त पदं शासनाच्या 'पवित्र' पोर्टलवर जाहीर करावी लागतात. उमेदवार तिथे पसंतीक्रम भरतात आणि अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, म्हणजे 'टेट'च्या गुणांवर यादी लागते. संस्थेने मुलाखतीचा पर्याय घेतला, तरी पोर्टलने पाठवलेल्या उमेदवारांतूनच तिला निवड करावी लागते.

ही चाचणी 200 गुणांची, दोन तासांची. 2017, 2023 आणि 2025 मध्ये ती झाली. तिची आणि 'टीईटी'ची गल्लत फार होते. टीईटी ही पात्रता परीक्षा पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. नववी-दहावीला ती लागत नाही. तिथे विषयातली पदवी आणि बी.एड. लागतं. बी.एड.चे गुण मात्र यादीत धरले जात नाहीत, त्यामुळे तिथल्या टक्केवारीवर विसंबून चाचणीचा अभ्यास टाळू नये.

'स्थानिकांना आधी' असाही नियम नाही. राज्यातला कोणताही पात्र उमेदवार रत्नागिरी मागू शकतो. कोकणातल्या तरुणांची नाराजी मला समजते, पण तिच्यावर तयारीचा बेत आखता येणार नाही. निवड झाली की लगेच पूर्ण पगार, हाही भ्रमच. आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन 8,000 होतं, ते 2023 मध्ये 18,000 रुपये झालं.

आता पैशांचं. ते दिले तरी पद संच मान्यतेत, म्हणजे शासनाने शाळेला मंजूर केलेल्या पदांत हवं, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत बसायला हवं, नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता हवी आणि मग 'शालार्थ' या शासकीय पगार प्रणालीचा आयडी मिळून पगार सुरू होतो. यातली एक कडी निसटली तर वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवणं नशिबी येतं. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं, तेव्हा शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. तेव्हा कोणी रक्कम सांगितली, तर आधी त्या पदाची पोर्टलवरची जाहिरात मागा. ती नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.