तळ्यांचं कडं

आपण दारात गाडी लावतो, तसं सिल्यान्सनेसमध्ये काही जण विमान लावतात. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात, सिल्यान तळ्यात घुसलेल्या भूशिरावर हे गाव आहे. नावातल्या ‘नेस’चा अर्थही भूशिरच. इथल्या छोट्या विमानतळालगत राहत्या घरांची वसाहत आहे आणि घरासोबत हँगर. सकाळी दार उघडायचं, विमान ओढून बाहेर काढायचं आणि थेट धावपट्टी गाठायची. अशा वसाहतींची कल्पना मूळची अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात 1946 साली पहिली उभी राहिली, आणि तिथले रस्ते मुद्दाम रुंद ठेवले, कारण चार आसनी सेसना 172चे पंखसुद्धा टोकापासून टोकापर्यंत 11 मीटर भरतात. समोरून शेजारी आला तर मागे कोण सरणार? त्या विमानाला रिव्हर्स गिअर नसतो.

स्टॉकहोमहून तासाला 200 किलोमीटरच्या वेगानं वायव्येकडे निघालं, की तासाभरात, फार तर थोडं जास्त, सिल्यान दिसू लागतं. खाली पाइन आणि स्प्रूसचं जंगल, मधूनच तांबडी लाकडी घरं. हा तांबडा रंग जवळच्याच फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा.

पाण्याजवळ आलं की विमानाचं वागणं बदलतं. उन्हाळी दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते आणि विमान बैलगाडीसारखे धक्के खातं. तळ्यावर पोहोचताच सगळं निवांत. पण या निवांतपणात एक मेख आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, तेव्हा आतली हवा एकदम गार पडते. दमट हवेत, बाहेर 20 अंश तापमान असतानाही, तिथे बर्फ धरू शकतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून वैमानिक उतरण्याआधी एक खटका ओढून इंजिनाच्या धुराड्याभोवती तापलेली हवा आत सोडतो. भर उन्हाळ्यात बर्फाची भीती! मला तरी हे उडण्याइतकंच अजब वाटतं.

मात्र उतरण्याची घाई करू नये. उंची धरून उत्तरेकडे एक मोठी फेरी मारावी. सिल्यानच्या पुढे ऊर्सा गावाचं तळं लागतं, मग स्काटुंगेन, मग पूर्वेला ऊरे. ही तळी सुटी विखुरलेली नाहीत. ती एका वर्तुळावर बसली आहेत, कड्यात मणी ओवावेत तशी. मधोमध जंगलानं झाकलेला ग्रॅनाइटचा उंचवटा आहे. हे कडं म्हणजे सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी इथे आदळलेल्या अशनीची खूण. पश्चिम युरोपातलं हे सर्वात मोठं ज्ञात आघातविवर मानतात; त्याचा व्यास 50 किलोमीटरच्या वर आहे.

आपलं लोणार 1.8 किलोमीटरचं. त्याच्या काठावर उभं राहिलं की अख्खी वाटी नजरेत मावते. सिल्यानच्या काठावर तसं होत नाही. सपाटीवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर दिसतं, म्हणून विवरात राहूनही विवर दिसत नाही. हजार मीटरवर तेच क्षितिज 110 किलोमीटरपलीकडे सरकतं. आकारही वाटीचा उरलेला नाही. एवढ्या दणक्यात खडक काही क्षण पाण्यासारखा वागतो: मधला भाग उसळून वर येतो आणि भोवती गोल चर खचतो. त्या चरात जुन्या समुद्राच्या तळाचा चुनखडक खाली बसला आणि झिजेपासून वाचला. पुढे हिमनद्यांनी कडेचा मऊ दगड कोरून काढला, खळग्यांत पाणी साचलं. रेत्विकजवळची चुनखडकाची एक खाण बंद पडल्यावर तिचं खुलं संगीतगृह झालं, दालहाला. समुद्रतळाच्या भिंतींमध्ये तिथे ऑपेरा रंगतो.

या फुटलेल्या खडकानं माणसांना मोहही घातला. पृथ्वीच्या पोटातून मिथेन वायू वर येत असणार आणि तो इथे सापडेल, असं खगोलभौतिकशास्त्रज्ञ टॉमस गोल्ड यांचं म्हणणं होतं. 1980च्या दशकात सहा किलोमीटरहून खोल विहीर पाडली गेली. विकण्याजोगा वायू काही निघाला नाही.

200 किलोमीटरच्या वेगानं हे विवर ओलांडायला पंधरा मिनिटं लागतात. मग पुन्हा दक्षिणेला वळायचं, भूशिर शोधायचं, तळ्याच्या बाजूनं खाली यायचं. जूनमध्ये रात्रीचे दहा वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे धावपट्टी सापडायला त्रास नाही. चाकं टेकतात, पंखा थांबतो, कान अजून घुमत असतात. पुढच्या चाकाला दांडा अडकवून एकटा माणूस विमान ढकलत, घराच्या कोपऱ्याला पंख लागू नये म्हणून मान तिरकी करून बघत, ते मागे मागे हँगरमध्ये नेतो.