कालवणाचं म्हावरं कुठून येतं?

५,८४,००० रुपये. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने जो निकाल दिला, त्यात उरण-पनवेलच्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांपैकी प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एवढी रक्कम येत होती. एकूण भरपाई ९५ कोटी १९ लाख २० हजार; तिचा ७० टक्के भार जेएनपीटी बंदरावर, २० टक्के ओएनजीसीवर आणि १० टक्के सिडकोवर. भराव पडले, खारफुटी गेली, भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या, त्याची ही किंमत. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचंही नुकसान होतं, हे त्या निकालाने मान्य केलं. ते मोठंच काम झालं. तरी तो आकडा बुडालेल्या रोजगाराचा. माणसं आता कशी जगताहेत, हे त्यातून कळत नाही.

ते कळावं म्हणून उरणच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात काही बायका आणि शिकलेली पोरं स्वतःची प्रश्नावली तयार करत होती. मी वही घेऊन शेजारी बसले होते.

सुरुवात नेहमीच्या प्रश्नाने झाली: ‘आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच.’ घरोघर एकच उत्तर आलं, ‘बरा हाय.’ दारात आलेल्या माणसापुढे कोण रडगाणं गाणार? शिवाय सासू शेजारी बसलेली असताना सून काय बोलणार? प्रश्न वहीतून खोडला गेला.

मग एक मावशी म्हणाल्या, ‘घरान मावरा ईकत आनाया लागला, का समजाचा दिस फिरले.’ तिथून गाडी रुळावर आली. नवा प्रश्न झाला: गेल्या महिन्यात घरच्या कालवणासाठी म्हावरं विकत आणावं लागलं का? किती वेळा? याचं उत्तर द्यायला कुणी लाजत नाही आणि त्यात बरंच काही येतं. निवटी, चिंबोऱ्या, कालवं, शिंपले हा बायकांनी चिखलात उतरून, हाताने वेचलेला माल. त्यातला काही बाजारात जातो, काही थेट चुलीवर. चुलीवर जाणाऱ्याची पावती कुठेच फाटत नाही. त्यामुळे तो बंद झाला तरी उत्पन्नाच्या रकान्यात फारसं काही हलत नाही. घरातल्या बाईला मात्र पहिल्याच आठवड्यात कळतं.

पुढचे प्रश्न त्याच ओघात आले. लेकीच्या सासरी शेवटचा वाटा कधी पाठवला? नारळी पौर्णिमेचा नारळ आपल्याच बंदरात सोडता, की दुसऱ्याच्या? चिखलात उतरायची जुनी वाट खुली आहे, की मध्ये कुंपण आलंय? चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला घरातून कोण गेलं?

सर्वांत जास्त वाद झाला तो एका प्रश्नावर: पोरांना तिथीवरून पाणी सांगता येतं का? हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोनच्या सुमाराला भरती, म्हणजे सव्वाआठच्या आसपास ओहोटी तळाला. अष्टमीला भरती सहाला, पण तेव्हा भांग. पाणी फार मागे हटत नाही. कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला, ‘मोबाइलवर दिसतं की.’ बायकांचं म्हणणं असं, की ज्याला पाण्यात जायचंच नाही तो कशाला बघेल? प्रश्न राहिला, जोड मिळून: ‘आणि शेवटचं पाण्यात कधी उतरलास?’

विचारायची वेळही पंचांगावरून ठरली. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल जाते आणि बायका चिखलात असतात. त्या दिवशी फिरणाऱ्याला बंद दारं मिळणार. म्हणून घरोघर जायचं ते भांगाला. सुनांना सुनांनी विचारायचं, भरलेल्या वह्या गावातच ठेवायच्या.

अशी मोजणी जगात इतरत्र झाली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ब्रूम नावाचं किनाऱ्यावरचं गाव यावुरू या आदिवासी समाजाचं. मँडी याप आणि यावुरू समाजातल्याच युनिस यू यांनी आधी तिथल्या स्त्री-पुरुषांना चांगलं जगणं म्हणजे काय ते विचारलं आणि त्या उत्तरांतून प्रश्नावली बांधली. कुटुंब, समाज, आपल्या भूमीशी नातं, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा या गोष्टी तिथे मोजमापात आल्या. त्यांचा अहवाल २०१६ साली निघाला. आपल्याकडे मच्छीमारांची जी गणना होते, तिच्यात नौका, जाळी, शिक्षण यांची मोजदाद असते. तीही लागतेच. पण जेएनपीटीसाठी उठवलेल्या शेव्याच्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात घरं मिळाली आणि त्या घरांना वाळवीने पोखरलं. नुसती घरं मोजणाऱ्याला तिथे सगळं ठीकच दिसेल.

या पद्धतीत कच्चे दुवे आहेत. जुने दिवस आठवणीत नेहमी भरभराटीचेच असतात. भरपाईची आशा असली की नुकसान फुगतं. म्हणून म्हाताऱ्यांना आणि तरुणांना वेगळं विचारावं लागतं, आणि मुख्य म्हणजे, नोंद नुकसान होण्याआधीची असावी लागते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात जी कुटुंबं तीन वर्षं प्रामुख्याने पाण्यावर पोट भरत आली आहेत, ती मच्छीमार कुटुंबंही बाधित धरली आहेत आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला आहे. तो अभ्यास प्रकल्प ठरल्यावर, बाहेरच्या माणसांच्या प्रश्नांनी होतो. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून उरणच्या जमिनीवर आणि पाण्यावर नजरा वाढल्या आहेत. खाडीकाठच्या प्रत्येक गावाने आपली वही आत्ताच सुरू करावी. पुढच्या भांगाला, दहा घरांपासून सुरुवात झाली तरी चालेल. सुनावणीच्या दिवशी जुनी नोंद लिहिता येत नाही.