रूरमधला उन्हाळा आणि आपलं गिरणगाव

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर भरपूर जागा आहे.

आजचा विषय जर्मनीतला उन्हाळा. विद्यार्थी म्हणून तिथे दोन-तीन महिने राहायचं तर दिवस कसा जातो, सुट्टीच्या दिवशी काय बघायचं, असा साधा विषय आहे. समोर बसलेल्यांपैकी काही जण काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकतात हे मला ठाऊक आहे. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांसाठी ‘डाड’ या जर्मन संस्थेची ‘वाइज’ नावाची उन्हाळी शिष्यवृत्ती असते. तिच्यातून मे ते ऑगस्टच्या दरम्यान तिथल्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते निव्वळ प्रवासवर्णन नाही. इथल्या कोणाच्या तरी पुढच्या वर्षाची ती तयारी असू शकते.

पण मी तुम्हाला राजवाड्यांच्या जर्मनीत नेणार नाही. बव्हेरियातले किल्ले आणि ऱ्हाइनवरच्या बोटी यूट्यूबवर भरपूर आहेत. मी नेणार आहे रूर खोऱ्यात. बोखुम, एसेन, डॉर्टमुंड, ड्यूसबर्ग, गेल्सेनकिर्शेन ही सगळी गावं एकमेकांना चिकटलेली, एक संपलं कधी आणि दुसरं सुरू झालं कधी ते कळत नाही. लालबाग कुठे संपतं आणि परळ कुठे सुरू होतं, तसंच. पन्नास लाखांवर लोकवस्ती. हा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. एका वाक्यात सांगायचं तर हे जर्मनीचं गिरणगाव.

दिवस कसा जातो

आधी रोजचं बघू. जर्मनीत उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. प्रत्यक्ष तास मात्र जुलैच्या मध्यापर्यंतच. पुढे परीक्षा, प्रकल्प आणि सुट्टी. मी बोखुममध्ये असंच एक उन्हाळी सत्र काढलं. तिथलं रूर विद्यापीठ १९६५ साली सुरू झालं. काँक्रीटच्या एकसारख्या उंच इमारती, बघताक्षणी आवडेल असं काही नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शंभर वर्षं ज्या मुलखाने सगळ्या जर्मनीला कोळसा पुरवला, तिथे खाणकामगाराच्या मुलाला घराजवळ विद्यापीठ मिळायला १९६५ उजाडावं लागलं. आणि ते आलं ते कोळशाला उतरती कळा लागल्यावर. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

सकाळी भुयारी गाडीने जायचं. ‘यू ३५’ ही गाडी विद्यार्थ्यांनीच भरलेली असते. दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ. बटाटा रोज भेटतो, वेगवेगळ्या वेषात. शाकाहारी पदार्थ आता सर्रास मिळतात. जून महिन्यात रात्री पावणेदहा-दहापर्यंत उजेड असतो. आपल्याला सात वाजता दिवा लावायची सवय, त्यामुळे पहिले आठ दिवस जेवायची वेळच कळत नाही.

रविवारी दुकानं बंद. अगदी बंद, बरं का. शनिवारी संध्याकाळी दूध-पाव आणून ठेवला नाही तर रविवारी उपास. रविवारी ड्रिल मशीन चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. गणपतीत लालबागला राहिलेल्या माणसाला ही शांतता आधी टोचते. (हशा) मग आवडायला लागते.

बाटली फेकायची नसते. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, तिला ‘फांट’ म्हणतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. महिनाअखेरीला दहा-बारा बाटल्या निघाल्या की एका जेवणाची भर पडते. विद्यार्थ्यांचं अर्थशास्त्र असं चालतं.

प्रवासासाठी एकच तिकीट ध्यानात ठेवा, ‘डॉइचलांडटिकेट’. मे २०२३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं, २०२५ मध्ये ५८ झालं. देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात येतं, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून. आपल्या लोकलचा पास जसा माणसाला मोकळं करतो तसंच हे.

पैशाचं स्पष्ट बोलतो. त्या राज्यात सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नसते, सत्राला तीनशे युरोंच्या आसपास भरावे लागतात. पण पूर्ण पदवीसाठी जायचं तर व्हिसासाठी बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं कोणी सांगितलं तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा. म्हणूनच शिष्यवृत्तीवरचा एक उन्हाळा हा आपल्यासारख्यांसाठी चांगला उंबरठा आहे.

खाण आणि गिरणी

आता भटकंतीकडे. पण काय बघतोय ते कळायला थोडा इतिहास हवा.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी ताडदेवला काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. जवळपास त्याच काळात रूरमध्ये खोल खाणी खणल्या जात होत्या. आपल्याकडे कोकणातून, घाटावरून माणसं आली. तिकडे पोलिश बोलणारी माणसं पूर्वेकडून आली, आणि १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून. आपल्याकडे गिरणीचा भोंगा, तिकडे पाळीची शिट्टी. आपल्याकडे गाळ्यात दहा-बारा माणसं आणि खानावळवाल्या बाई, तिकडे घरात भाड्याने खाट घेणारे एकटे कामगार. खाणीत उतरताना एकमेकांना ‘ग्ल्युकआउफ’ म्हणायचं, आणि जोडीदाराला ‘कुम्पेल’. खाली गेल्यावर तो कुठला, कोणत्या धर्माचा, याला अर्थ नसतो. वरचा दगड सगळ्यांवर सारखाच पडतो.

कोपऱ्याकोपऱ्यावर तिथे एक टपरी दिसेल, ‘ट्रिंकहाले’. प्यायचं पाणी भरवशाचं नव्हतं आणि कामगार दारूकडे वळत होते, म्हणून एकोणिसाव्या शतकात स्वच्छ पाणी विकायला या टपऱ्या निघाल्या. आज तिथे वर्तमानपत्र, गोळ्या, बिअर आणि गप्पा मिळतात. आपल्या पानाच्या गादीसारखी जागा. भाषा सुधारायची असेल तर वर्गापेक्षा तिथे जास्त उभे राहा.

१९५८ पासून कोळशाला ओहोटी लागली. बाहेरचा कोळसा आणि तेल स्वस्त पडायला लागलं. पण शेवटची खाण, बॉट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, बंद झाली ती २१ डिसेंबर २०१८ ला. शेवटचा कोळशाचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. मधली साठ वर्षं मोजा. सरकारने अनुदान दिलं, १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका कंपनीखाली आणल्या, माणसं दुसऱ्या खाणीत हलवली, मुदतीआधी निवृत्ती दिली, नवं काम शिकवलं. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि थोड्याच वर्षांत बहुतेकांच्या पायाखालची जमीन गेली. तुमच्यातल्या अनेकांच्या घरात ही गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकलेली असेल. काहींच्या घरात ती कधी बोललीच गेली नसेल.

काय बघायचं

पहिली जागा, एसेनची त्सोलफेराईन खाण. एसेन स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम पकडायची. तिथला बारा नंबरचा शाफ्ट १९३२ मध्ये सुरू झाला. शूप आणि क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी तो बांधला. विटांच्या सरळ रेषा, वर लोखंडी मनोरा. जगातली सर्वांत देखणी खाण असं तिला म्हणतात. १९८६ मध्ये ती बंद झाली. त्याच सुमारास राज्य सरकारने जागा विकत घेऊन ती वारसा म्हणून जाहीर केली. २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आज रूर संग्रहालय आहे. कामगार जिथे आंघोळ करून कपडे बदलायचे त्या इमारतीत नृत्याचं केंद्र आहे. कोक भट्ट्यांच्या आवारात मालवाहू कंटेनर जोडून केलेला छोटा पोहण्याचा तलाव आहे. तो उन्हाळ्यात उघडतो आणि आसपासच्या वस्तीतली पोरं त्यात उड्या मारतात. फेरीत माहिती सांगणारा माणूस कधीकधी स्वतः जुना खाणकामगार असतो. त्याच्याबरोबरच जा. युद्धकाळात याच खाणींत परदेशी कैद्यांना राबवलं गेलं, हेही तिथे सांगितलं जातं, झाकलं जात नाही.

दुसरी जागा, ड्यूसबर्गचं लांडशाफ्ट्सपार्क. १९८५ मध्ये बंद झालेला लोखंडाचा कारखाना. पीटर लाट्स यांनी तो न पाडता त्याची बाग केली. भट्टीवर चढून जाता येतं, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक पाणबुडीचा सराव करतात, भिंतींवर गिर्यारोहणाचे धडे चालतात. प्रवेश फुकट, फाटक रात्रंदिवस उघडं. संध्याकाळी जा, दिवे लागेपर्यंत थांबा. जूनमध्ये ‘एक्स्ट्राशिख्ट’ म्हणजे ‘जादा पाळी’ नावाची एक रात्र असते. त्या रात्री असे जुने कारखाने आणि खाणी उशिरापर्यंत उघड्या असतात.

तिसरी जागा फारसं कोणी सांगत नाही, ओबरहाउझेनची आयझेनहाइम वसाहत. रूरमधली सर्वांत जुनी कामगार वसाहत, १८४६ पासूनची. १९७० च्या दशकात ती पाडायची ठरली होती. तिथल्या रहिवाशांनी लढा दिला आणि वाचवली. बीडीडी चाळीत वाढलेल्यांनी तिथे तासभर नुसतं बसावं. मागे परसात टोमॅटो लावलेत, दोरीवर कपडे वाळतायत. ते संग्रहालय नाही, लोक राहतात तिथे.

चौथी जागा एम्शर नदी. जमीन खचत असल्यामुळे भुयारी गटारं टिकत नव्हती. म्हणून शंभर वर्षं ही नदीच उघडं गटार म्हणून वापरली. सुमारे तीस वर्षं काम आणि पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च करून २०२१ च्या अखेरीला तिच्यातलं सांडपाणी बंद झालं. आज तिच्या काठाने सायकल चालवता येते. मिठी नदी डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

तिथे झालं, इथे का नाही?

लगेच ‘ते लोकच शिस्तीचे’ असं म्हणून मोकळं होऊ नका. ते उत्तर नाही.

पहिलं कारण जमिनीचा भाव. एसेनच्या उत्तरेला बंद खाणीच्या जमिनीला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. लोअर परळच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मुंबईतल्या अठ्ठावन्न गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. बहुतेक जमिनीवर तर शेडच होत्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. नियमातल्या एका शब्दाने बागा आणि घरं गेली. आवारात चिमणी कुठेकुठे उरली, शोभेला.

दुसरं कारण वेळ. तिकडे साठ वर्षं मिळाली, आणि कामगार संघटना निर्णयाच्या टेबलावर बसलेल्या होत्या.

तिसरी गोष्ट, तिकडे सगळं गोड नाही. गेल्सेनकिर्शेन आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेकारीच्या शहरांत मोडतं. खाणींमुळे जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे. पंप बंद केले तर वस्त्यांत पाणी भरेल, म्हणून ते कायमचे चालू ठेवावे लागणार. त्या खर्चाला ते ‘अनंतकाळचा खर्च’ म्हणतात. संग्रहालय झालं म्हणजे नोकरी परत आली असं नाही.

म्हणून तिथे जाण्याआधी एक काम करा. एका रविवारी लालबागहून काळाचौकीपर्यंत चाला. इंडिया युनायटेड मिलच्या तिथल्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे, ते कुठवर आलंय बघा. परळला दामोदर हॉलची जागा बघा. ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा वारसा तिथे आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडचा इतिहास पुस्तकात जमवला आहे, तो वाचा. घरात कोणी साच्यावर काम केलं असेल तर त्यांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग रूरमध्ये गेलात की तिथला म्हातारा खाणकामगार तुम्हाला विचारेल, तुझ्या गावात काय होतं? तेव्हा तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल. मला त्या देशातली सगळ्यात चांगली मैत्री या एका प्रश्नातून मिळाली.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : भाषा येत नसेल तर उन्हाळा फुकट जाईल का?

प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभतं. टपरीवर आणि आयझेनहाइममध्ये निभत नाही. निदान ए-टू पातळीपर्यंत शिकून जा. मोडकं बोललात तरी म्हातारी माणसं थांबून ऐकतात.

प्रश्न : सर, घरचे म्हणतात, एवढे पैसे खर्चून कारखाने कसले बघायचे?

घरच्यांना सांगा, तुम्ही जिथे घाम गाळलात ती जागासुद्धा बघण्यासारखी असते, हे शिकायला चाललोय. (टाळ्या) आणि हो, त्यांच्यासाठी एक दिवस काढून कोलोनचं कॅथेड्रल बघा आणि फोटो पाठवा. त्याच तिकिटात होतं.