फुंकर मारण्यात कमीपणा कसला?

माझी भाची विमान चालवते. हे वाक्य मी गरजेपेक्षा जरा जास्त वेळा उच्चारतो, असे आमच्या घरात सर्वांचे मत आहे. गेल्या दिवाळीत ती दोन दिवस आमच्याकडे राहायला आली होती. फराळाची ताटे समोर होती. पण बाईसाहेबांचे लक्ष चकलीकडे नव्हते.

"मामा, तूच सांग," ती म्हणाली, "मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. तरी पहाटे तीनला उठून विमानतळावर गेले की आधी त्या यंत्रात फुंकर मारायची. समोर कॅमेरा. आकडा शून्य आला तरच पुढे जायचं. रोज उठून आपण गुन्हेगार नाही हे सिद्ध करायचं! तुमच्या बँकेत असं होतं का?"

सौ.ने अर्थातच तिची बाजू घेतली. आदल्या रात्री भाचीला खोकला येत होता म्हणून तिने कपाटातली द्राक्षासवाची बाटली काढली होती आणि भाचीने दोन्ही हात जोडून नकार दिला होता. आसव-अरिष्टात किण्वनाने आपोआप अल्कोहोल तयार होते, हे सौ.ला त्या दिवशी प्रथम कळले. तेव्हापासून तिचा त्या यंत्रावर राग होता.

मी मात्र लगेच उत्तर दिले नाही. 'बँकेत असं होतं का' या प्रश्नाने मला तीस वर्षे मागे, एका तालुक्याच्या शाखेत नेऊन उभे केले. त्या शाखेची हकीकत पुढे येईलच. आधी ही फुंकर म्हणजे नेमका काय प्रकार आहे ते सांगतो.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा, की उड्डाणापूर्वी बारा तास वैमानिकाने किंवा हवाई कर्मचाऱ्याने मद्याला स्पर्श करायचा नाही. शिवाय नुसते घड्याळ बघून भागत नाही. बारा तास उलटले, पण आदल्या रात्री मनसोक्त घेतलेली अजून अंगात आहे, तरीही तो दोषीच. विमान कंपनीने ड्यूटीच्या पहिल्या उड्डाणाआधी वैमानिकांची आणि हवाई कर्मचाऱ्यांची श्वासचाचणी घ्यायची. यंत्राच्या पोटात इंधनघट असतो. श्वासात अल्कोहोल असेल तर तिथे रासायनिक क्रिया होऊन बारीकसा वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून यंत्र आकडा दाखवते. आकडा आला तर तोंड धुवून, चूळ भरून, थोड्या वेळाने पुन्हा चाचणी. दुसऱ्यांदाही आला तर पहिल्या खेपेस परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्या खेपेस तीन वर्षे आणि तिसऱ्या खेपेस रद्द. चाचणी चुकवणे हाही गुन्हाच. २०२३ साली तर अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि दातांचे जेलसुद्धा वर्ज्य ठरले.

इतके कडक कशासाठी? आपल्यातले पुष्कळजण समजतात की काळी कॉफी, लिंबूपाणी आणि थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरते. उतरत नाही. यकृत आपल्या संथ गतीने ती निकाली काढते आणि त्याला घाई करता येत नाही. माणूस ताजातवाना दिसतो, इस्त्रीचा गणवेश चढवतो, 'गुड मॉर्निंग' म्हणतो. बघणाऱ्याला काही कळत नाही आणि पुष्कळदा खुद्द त्यालाही कळत नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट या बाबतीत प्रसिद्ध आहे. ८ मार्च १९९० रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ सकाळी फार्गोहून मिनिॲपोलिसला निघाले. आत ९१ प्रवासी. चालकदलातल्या तिघांनी आदली रात्र बारमध्ये घालवलेली. कोणीतरी फोन करून सरकारी खात्याला कळवले होते. निरीक्षक विमानापर्यंत आला, तिघांशी बोललाही. पण पुढच्या हालचाली होईपर्यंत विमान उडाले. ते सुखरूप उतरले आणि तिघांना अटक झाली. तिघेही तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, अमेरिकन काँग्रेसने वाहतूक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांचा कायदा केला आणि १९९५ पासून विमान कंपन्यांना मद्यचाचणीचा कार्यक्रम राबवणे सक्तीचे झाले.

कार्यक्रम हा शब्द मला आवडला. नुसते यंत्र आणून ठेवले म्हणजे झाले असे नाही. वैमानिक, हवाई कर्मचारी, विमानाची दुरुस्ती करणारे, उड्डाणाचे नियोजन करणारे, सुरक्षा तपासणी करणारे, इतकेच काय बाहेरच्या ठेकेदाराकडून आलेला मेकॅनिकही त्यात येतो. आपल्यासारखी सर्वांची रोज फुंकर तिथे नाही. वर्षभरात कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या किमान दहा टक्के चाचण्या, त्याही चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, अचानक. एकदा नाव निघाले म्हणून सुटका नाही. चिठ्ठी पुन्हा त्याच डब्यात जाते. आमच्याकडे इन्स्पेक्शनचे अधिकारी न सांगता सकाळी दारात उभे राहायचे, तसेच. अपघात झाला तर शक्यतो दोन तासांत चाचणी आणि आठ तासांनंतर घ्यायचीच नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते संशयावरून होणाऱ्या चाचणीचे कलम. कंपनीने आपल्या पर्यवेक्षकांना रीतसर प्रशिक्षण द्यायचे. माणसाच्या तोंडाला वास येतो का, बोलणे अडखळते का, चाल बदलली आहे का, हे पाहायला शिकवायचे. ऐकीव गोष्टीवर जायचे नाही, स्वतः पाहायचे; आणि पाहिल्यावर गप्प बसायचे नाही.

गप्प बसल्याने काय होते त्याचे उदाहरण १३ जानेवारी १९७७ चे आहे. अलास्कातल्या अँकरेजहून टोकियोला निघालेले जपान एअरलाइन्सचे मालवाहू डीसी-८ विमान उडता उडताच कोसळले. आत गुरे होती. चालकदलाचे तिघे आणि गुरांबरोबरचे दोघे, असे पाचही जण गेले. कॅप्टनच्या रक्तात अल्कोहोलचे प्रमाण प्रचंड निघाले. त्याला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याला संशय आला होता आणि त्याने तो कळवलाही होता. पण कॉकपिटमध्ये शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी त्याला अडवले नाही. चौकशी अहवालाने अपघाताच्या कारणांत याचीही नोंद केली आहे.

टॅक्सीवाला बोलला आणि सहवैमानिक बोलले नाहीत, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. मला वाटले नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या तालुक्याच्या शाखेत अकाउंटंट होतो. तिजोरीला दोन किल्ल्या. एक हेड कॅशिअरकडे, एक माझ्याकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. आमचे हेड कॅशिअर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, हिशेबाला चोख आणि स्वभावाने गोड. नवीन असताना त्यांनीच मला नोटांचा बंडल बोटांनी ओळखायला शिकवले. पुढे पुढे सकाळी किल्ली लावताना त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. मी वेलदोडा चघळायला दिला. पुढे हात थरथरू लागले. मी एका क्लार्कला त्यांच्या शेजारी बसवले, मोजलेले पुन्हा मोजायला. सारी शाखा त्यांना सांभाळून घेत होती. त्यांना बोलावे कसे? ते ज्येष्ठ, मी नवशिका. वर कळवावे तर घरात तीन मुले. आणि 'मी साहेबांना वास येतो म्हणून लिहून दिले' असे म्हणायला हाताशी नियम तरी कुठला होता?

एका बाजाराच्या दिवशी, उसाच्या पेमेंटच्या गर्दीत, तो क्लार्क रजेवर असताना, संध्याकाळी कॅश बारा हजारांनी कमी भरली. कोणाला जास्त गेले ते कळलेच नाही. चौकशी झाली, त्यात सगळे बाहेर आले, ते निलंबित झाले. दोन वर्षांत यकृताने दगा दिला आणि ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा केला. रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटायचं, बँकेत कोणी काही म्हणत नाही म्हणजे एवढं काही नसेल."

मी त्या चहाचा घोट कसा घेतला ते मला आठवत नाही.

व्यसनमुक्तीसाठी पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून सुरू होते. आमच्या गावाहून एस.टी.ने चार तास. मी त्याविषयी वाचलेही होते. पण वेलदोडा सुचला, पुणे सुचले नाही. त्यांना सुट्टी घ्यायला लावून तिथे नेण्याइतका चांगुलपणा आमच्यापैकी कोणातच नव्हता; आणि ज्याला आम्ही चांगुलपणा समजत होतो, तो खरे तर आमचा भित्रेपणा होता.

अमेरिकेतल्या त्या नियमांचा दुसरा अर्धा भाग वाचताना मला म्हणूनच सारखी त्यांची आठवण येत होती. चाचणीत सापडलेल्या माणसाला कामावरून तत्काळ दूर करायचेच. पण कंपनी त्याला परत घेणार असेल, तर आधी त्याने व्यसनातल्या तज्ज्ञाकडे जायचे, तो सांगेल ते उपचार घ्यायचे, पुन्हा चाचणी द्यायची आणि मग पहिल्या वर्षात किमान सहा अचानक चाचण्या. ही देखरेख पाच वर्षांपर्यंत चालू शकते. मात्र जो दुसऱ्यांदा सापडला, त्याला ते काम कायमचे बंद. व्यसनी वैमानिकांना उपचार करून परत कॉकपिटमध्ये आणणारी एक वेगळी योजनाही तिथे सत्तरच्या दशकापासून आहे. फार्गोच्या त्या विमानाचे कॅप्टन लाईल प्राऊस तुरुंगातून सुटले, दारूपासून दूर राहिले, सगळे परवाने नव्याने मिळवले आणि त्याच कंपनीत पुन्हा विमान चालवून निवृत्त झाले. २००१ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. आमच्या हेड कॅशिअरांना शिक्षाही उशिरा मिळाली आणि उपचार तर मिळालेच नाहीत.

हे सारे मी भाचीला सांगितले. म्हटले, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे, की बँकेत होते. पैशांच्या बाबतीत होते. पंचवीस वर्षे एका रुपयाचा फरक न पडलेल्या कॅशिअरचीही कॅश रोज संध्याकाळी मोजतात. त्याचा कोणी अपमान मानत नाही, कारण ती सर्वांची मोजतात. अपमान केव्हा होतो? दहाजणांना सोडून एकालाच मोजायला सांगितले तर. माणसाच्या बाबतीत मात्र आमच्याकडे असे काही नव्हते. म्हणून आम्ही नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो."

सर्वांची म्हणजे साहेबाचीही. २०१८ साली दिल्लीहून लंडनला जाणारे विमान नेण्यासाठी आलेला एक वैमानिक दोन्ही चाचण्यांत सापडला. तो कंपनीच्या प्रचालन विभागाचा संचालक होता. त्याआधी एकदा त्याने चाचणी टाळली होती. त्यामुळे या वेळी परवाना तीन वर्षांसाठी गेला. हाताखालच्या माणसाने अशा साहेबाला 'सर, तुम्ही आज उडू नका' असे म्हणायची कल्पना करून पाहा. ते काम यंत्राने केले. यंत्राला भीड नसते, आणि साहेबाच्या घरी मुले किती हेही त्याला ठाऊक नसते.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, आता लक्षात आलं. मी कॅप्टनच्या शेजारी जाऊन बसते तेव्हा हा माणूस शुद्धीत आहे ना, असा विचार माझ्या मनात कधी येतच नाही. माझ्यासारखीच त्यांनीही फुंकर मारलेली असते."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिची टॅक्सी आली. सौ.ने डब्यात चकल्या आणि लाडू दिले, आणि खोकल्यासाठी आले-गूळ. आसवाची बाटली आता कपाटात मागच्या रांगेत गेली आहे.

मला मात्र त्या वहिनींना आज काहीतरी सांगावेसे वाटते. नवऱ्याच्या हातात वेलदोडा ठेवण्याऐवजी मी एक दिवस सर्वांसमोर, आधी स्वतः फुंकर मारून, ते यंत्र त्यांच्यापुढे धरू शकलो असतो तर ते माझ्यावर रागावले असते. फार रागावले असते. पण रागावायला ते राहिले असते.